नवीन ससा घरी आणताय? पहिल्या आठवड्यात काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

आधीच सांगून टाकते, ससा घरी आला की पहिल्या आठवड्यात तुम्ही फक्त दोन गोष्टी बघायच्या, तो गवत खातोय का आणि लेंड्या टाकतोय का. लाड, फोटो, रील, खालच्या मजल्यावरच्या पोरांना बोलावून दाखवणं हे सगळं नंतर. रुक्ष वाटेल ऐकायला, पण ससा म्हणजे कुत्रा नव्हे, तो शिकार होणारा प्राणी आहे. त्याच्यासाठी नवीन जागा म्हणजे धोका आणि वरून खाली येणारा हात म्हणजे घार. आणि घाबरला की तो सगळ्यात आधी खाणं सोडतो. इथेच खरी गडबड आहे कारण सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, ते थांबलं की आत गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि एक-दोन दिवसात जिवावर बेतू शकतं. उलटी करून मोकळं व्हायची सोयसुद्धा त्याच्याकडे नाही, सशाला उलटी होतच नाही. त्यामुळे "नवीन आहे ना, उद्या खाईल" असं म्हणून झोपायला जाऊ नका. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर ती इमर्जन्सी समजायची.

आणतानाच दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली म्हणजे वय. बऱ्याच दुकानात मुठीत मावेल एवढी पिल्लं ठेवतात कारण ती गोंडस दिसतात आणि पटकन खपतात, पण निदान आठ आठवडे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडू नये, त्याआधी आणलेली पिल्लं जुलाबाने जातात आणि घरच्यांना कळतही नाही काय झालं. दुकानदार "छोटीच ब्रीड आहे" म्हणाला तर बाकीची पिल्लं बघा, आई कुठाय विचारा, नीट उत्तर येत नसेल तर सरळ निघून या. दुसरी गोष्ट, आतापर्यंत काय खात होता ते विचारा आणि तेच खाणं आठवडाभर पुरेल एवढं सोबत घ्या, ते अगदी चुकीचं खाणं असलं तरी. खाणं एकदम बदललं की पोट बिघडतं, म्हणून जुनं कमी करत नवीन वाढवत सात ते दहा दिवसात बदलायचं. जमत असेल तर दुकानापेक्षा ॲडॉप्शन बघा, हौस फिटल्यावर लोक मोठे झालेले ससे देऊन टाकतात आणि मोठा ससा खरं तर सांभाळायला सोपा असतो, स्वभाव कळलेला असतो. ससा आठ ते बारा वर्षं जगतो हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दहावीतल्या पोरासाठी आणताय तर ते पोरगं नोकरीला लागेपर्यंत ससा तुमच्याकडे असणार आहे.

आणि हो, गावाकडे शेतात सापडलेलं सशाचं पिल्लू उचलून आणू नका. माळरानावर दिसतो तो रानससा पूर्ण वेगळा प्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतो, घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तो घरात सहसा जगतही नाही. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगभर केस असलेली असतात, आई त्यांना उघड्यावर ठेवून दिवसभर लांब राहते, म्हणून ती अनाथ वाटतात पण नसतात. आपण पाळतो तो मुळात युरोपातला, बिळं खणून राहणारा ससा. त्याला अंधारं, अरुंद, पाठीला काहीतरी टेकेल असं भोक लागतं, आणि नवीन घरात तुम्ही त्याला सगळ्यात आधी द्यायचं ते हेच.

आता जागा. बहुतेक फ्लॅटमध्ये पहिला विचार गॅलरीचा येतो, घाण नको म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, गॅलरीत नको. दुपारचं ऊन येतं, ग्रिलमधून मांजर नाहीतर कावळा येतो, रात्री उंदीर येतात, पाऊस आत मारतो, आणि मुख्य म्हणजे तो तुमच्यापासून लांब पडतो म्हणजे त्याने खाणं सोडलंय हे तुम्हाला उशिरा कळतं. हॉलचा किंवा बेडरूमचा एखादा कोपरा द्या जिथून सतत येजा होत नाही पण घरातले आवाज कानावर पडतात, टीव्हीच्या स्पीकरशेजारी नको आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरातही नको. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल यापासूनही लांब, सशाचं श्वासाचं काम फार नाजूक असतं.

पिंजरा घ्यायचाच असेल तर खाली तारेची जाळी असलेला घेऊ नका. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, जाळीवर बसून बसून तळव्यांना जखमा होतात आणि त्या बऱ्या व्हायला महिने लागतात. मी तर म्हणते पिंजऱ्यापेक्षा जाळीचं प्लेपेन घ्या, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते, घडी होतं, तीन फूट उंच तरी हवं नाहीतर उडी मारून बाहेर. ब्रिटनमधल्या सशांच्या संस्था जोडीसाठी दहा फूट बाय सहा फूट जागा सांगतात, मुंबईच्या वन बीएचकेमध्ये तेवढी कायमची अडवून ठेवणं कोणाला जमणार, पण प्लेपेन आणि रोज तीन-चार तास मोकळं फिरणं असं केलं तर निभतं. फरशी गुळगुळीत असेल तर पाय फाकतात, घसरतो, आणि घसरणारा ससा जागचा हलतच नाही, एका कोपऱ्यात बसून राहतो आणि आपल्याला वाटतं शांत स्वभावाचा आहे. जुनी सुती सतरंजी किंवा गोणपाट अंथरा, फक्त धागे ओढून गिळत नाहीये ना बघा. आत पुठ्ठ्याचा खोका उलटा ठेवा, त्याला दोन दारं कापा, एकच दार असेल तर त्याला कोंडल्यासारखं वाटतं. स्टेपल पिना आणि सेलोटेप काढून टाका, खोका तो खाणारच आहे.

ससा यायच्या आधी एकदा जमिनीवर पालथं पडून खोली बघा, खरंच. वायफायची वायर, फोनचा चार्जर, इस्त्रीची, फ्रिजच्या मागची. वायर कुरतडणं ही सवय नाही, बिळातली मुळं तोडायची त्याची जन्मजात बुद्धी आहे, ओरडून सुटत नाही. पाणी जायचा जाड पीव्हीसी पाइप किंवा वायरी झाकायची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती बसवा नाहीतर वायरी तीन-चार फूट वर घ्या. सोफ्याखालची, कपाटामागची फट बंद करा. कुंड्या उचला, मनी प्लांट, डिफेनबाकिया, लिली, कण्हेर, कोरफड ही सगळी त्याला विषारी आहेत. झुरळांचा खडू, उंदराचं औषध, डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात टाकलेल्या असतील तर काढा, फरशी चांगली पुसा.

आणायला जाल तेव्हा मांजराचा कॅरियर न्या, आत टॉवेल आणि मूठभर गवत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, मे महिन्यात दुपारी स्कूटरवर मांडीवर पुठ्ठ्याचा खोका धरून अजिबात नाही. घरी आल्यावर त्याला हाताने बाहेर काढू नका. कॅरियर जागेवर ठेवा, दार उघडा, आणि बाजूला व्हा. पाच मिनिटात येईल नाहीतर दोन तासांनी येईल. आला की गवत, पाणी, खोका समोर असलं पाहिजे. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात बरं, मातीचं किंवा चिनी मातीचं, उलटत नाही आणि तो जास्त पितो. किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पितो, उन्हाळ्यात वरच्या बाजूला.

पहिला दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तुम्ही प्लेपेनमध्ये जमिनीवर जाऊन बसा आणि काहीही करू नका, पेपर वाचा, मोबाइल बघा, भाजी निवडत बसलात तर उत्तम कारण कोथिंबिरीच्या वासाने तो स्वतःच येतो. येईल, पाय हुंगेल, कदाचित पँट ओढेल, पळून जाईल, परत येईल. त्या वेळी झडप घालून पकडलंत की झालं, पुढचे आठ दिवस पाण्यात. वेळ पण बघून बसा, ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, दुपारी डुलक्या काढतात, त्यामुळे दुपारी "हा खेळतच नाही" अशी तक्रार करू नये. हात पुढे करायचा तर नाकासमोर नको, सशाला चहूबाजूचं दिसतं पण नेमकं नाकापुढचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही, तिथे हात गेला की दचकून चावतो. बाजूने हळू आणा आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्ये कपाळावर बोटाने चोळा. पोट आणि पाय बऱ्याच सशांना आवडत नाहीत, वर्षानंतरसुद्धा.

उचलणं हा वेगळाच विषय आहे. कान धरून उचलायचं नाही, कधीच नाही, जादूगार करतो म्हणून आपण करायचं नाही. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू प्रचंड ताकदीचे, हवेत लटकताना त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःचाच मणका मोडतो, मागचे पाय कायमचे जातात. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या छातीशी घट्ट. लहान मुलांनी उभ्याने उचलायचंच नाही, मुलं जमिनीवर बसतील आणि ससा त्यांच्याकडे येईल हा नियम घरात पहिल्या दिवशीच लावा. पाठीवर उताणा झोपवला की तो एकदम गप्प पडतो आणि लोक व्हिडिओ काढतात, किती रिलॅक्स झालाय म्हणून. तो रिलॅक्स नसतो, मेल्याचं सोंग असतं ते, भीतीने.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल कारण नवीन सशाचे निम्मे घोटाळे इथूनच होतात. रोजच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांच्या वर सुकं गवत पाहिजे, चोवीस तास, त्याच्या अंगाएवढा ढीग. टिमथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं, ओटचं सुकं गवत त्यापेक्षा स्वस्त असतं आणि बरेच ससे ते आवडीने खातात. गवत दोन कारणांसाठी, एक तर पोट चालू राहतं, आणि दुसरं दात. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते गवत चावूनच झिजतात, लाकडाच्या खेळण्याने दाढा झिजत नाहीत. लसूणघास सहा महिन्याच्या आतल्या पिल्लाला चालतो, मोठ्याला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीचा त्रास होतो. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक आहे, जेवण म्हणून नाही. हरळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दुर्वा, उत्तम, फक्त रस्त्याकडेची किंवा फवारलेली नको, आणि बाजारातून आणली तर दोन-तीनदा धुवून.

पेलेट्स, म्हणजे सशांच्या खाण्याच्या दाबून केलेल्या कोरड्या गोळ्या, मोजून, मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत, बिया आणि रंगीत दाणे मिसळलेलं मिक्स अजिबात घेऊ नका, तो गोड गोड वेचून खातो आणि बाकी सोडतो. पालेभाजी पहिल्या आठवड्यात बंद ठेवली तरी चालेल, दुकानात खात असेल तर थोडी. नंतर एका वेळी एकच नवीन भाजी, चिमूटभर, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या, मऊ पडल्या तर ती भाजी कॅन्सल. कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला बहुतेकांना मानवतो, पालक कधीतरी, कोबी-फ्लॉवरने गॅस होतो. गाजर हा कार्टूनवाल्यांनी करून ठेवलेला गोंधळ आहे, त्यात साखर भरपूर, आठवड्यातून नखाएवढा तुकडा ठीक, तेच केळं आणि सफरचंदाचं, आणि सफरचंदाच्या बिया काढून. कांदा, लसूण, बटाटा, अवोकाडो, चॉकलेट बिलकुल नाही. आणि घरातल्या आजी-आजोबांना आधीच बसवून समजावून सांगा, कारण "एवढुसं पारले बिस्किट दिलं तर काय होतंय, बघ कसं मटामटा खातोय" हे होणारच आहे. पोळी, भात, बिस्किट, दूध यातलं काही नाही. आजी ऐकत नसेल तर तिच्याकडे कोथिंबिरीच्या काड्या द्यायचं काम सोपवा, तिचंही समाधान होतं.

टॉयलेटचं ट्रेनिंग आपण द्यावं लागत नाही, तोच शिकवतो. एक कोपरा तो ठरवतो, तिथे ट्रे ठेवायचा, आत कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या, त्यावर थोडं गवत, कारण ससा खाता खाताच बसतो. मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती, ओली झाली की गोळा होणारी लिटर नको, पोटात जाऊन फुगते. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाका. निरोगी सशाच्या दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या पडतात, गोल, कोरड्या, वास नसलेल्या, कुंडीत खत म्हणून घाला. पहाटे कधी मऊ चकचकीत द्राक्षाच्या घडासारखं काहीतरी तो थेट ढुंगणाशी तोंड लावून खाताना दिसेल, किळस नका करू, ते त्याचं जीवनसत्त्वाचं खाणं आहे, अडवायचं नाही. लघवी कधी केशरी-लालसर होते, पाल्यातल्या रंगाने, तेवढ्याने घाबरू नका, पण कुंथतोय किंवा रक्ताच्या गाठी दिसतायत तर डॉक्टर. फरशी व्हिनेगर-पाण्याने पुसा, फिनाइलने नाही.

मागचा पाय धपकन आपटला तर तो घाबरलाय किंवा चिडलाय. हनुवटी सोफ्याला घासतोय म्हणजे हे माझं. एकदम कुशीवर धाडकन पडला तर लोक दचकतात, पण तो निवांत झालाय. हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला तर तो खूश आहे. दात हळू किटकिट वाजले तर छान, जोरात कराकरा आणि पाठ कुबडी करून डोळे मिटून बसलाय तर दुखतंय. कान नेहमीपेक्षा गार लागणं हेही वाईट लक्षण.

गरमी हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका. सशाला घाम येत नाही, कानातून उष्णता बाहेर टाकतो, पंधरा ते वीस-बावीस डिग्रीत तो मजेत असतो आणि तिशीच्या वर त्रास सुरू. नागपूर-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये कूलर किंवा एसी नसेल तर खरं सांगते, ससा आणूच नका, निदान तो सीझन जाऊ द्या. पुण्या-मुंबईत फरशीची मोकळी लादी ठेवा, पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कानाला ओला हात लावा, वाळ्याचे पडदे सोडा. पूर्ण अंघोळ मात्र नाही, भिजलेला ससा शॉकमध्ये जातो. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, सुती पिशवीत आणि जमिनीपासून वर, कुबट वास आला की फेकायचं. याच दिवसात ढुंगणाशी ओलं किंवा चिकटलेलं असेल तर माशी अंडी घालते आणि अळ्या एका दिवसात कातडीत शिरतात, म्हणून रोज एकदा शेपटीखाली नजर टाका.

गणपती-दिवाळीच्या तोंडावर ससा आणत असाल तर पंधरा दिवस थांबा. ढोल-ताशाने खिडकीच्या काचा हलतात तिथे नवीन सशाचं काय होत असेल. आधीच घरात असेल तर आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, दोन खोके जास्त, खूप गवत, आणि फटाक्यांच्या रात्री कोणीतरी घरात थांबायचं.

डॉक्टर ससा यायच्या आधी शोधा. कुत्र्या-मांजराचे सगळे डॉक्टर ससे बघतात असं नाही, फोन करून स्पष्ट विचारा की ससे बघता का, नसबंदी करता का, रात्री कोण असतं. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, बाकी शहरात जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला विचारता येतं. पहिल्या आठवड्यात, खाणं सुरळीत झालं की एकदा दाखवून आणा. दोन औषधं डोक्यात पक्की ठेवा, फिप्रोनिल असलेलं पिसवांचं औषध, जे कुत्र्याला मानेवर टाकतात, त्याने ससा मरतो, आणि तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिनही त्याच्या पोटातले चांगले जंतू मारून जीव घेतं. घरातल्या गोळीचा अर्धा तुकडा हा उपाय कधीच नाही.

जोडी घेतली असेल तर त्याच भेटीत नर-मादी तपासून घ्या, कारण दुकानात "दोन्ही माद्या आहेत" म्हणून दिलेल्यांपैकी एक नर निघणं अगदी नेहमीचं आहे, साडेतीन-चार महिन्यात ते वयात येतात आणि साधारण एकतीस दिवसात पिल्लं होतात. वाटलं नर असेल तर त्याच दिवसापासून वेगळं ठेवा, पण जाळीच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसतील असे. मादीची नसबंदी नुसती पिल्लं नकोत म्हणून नाही, न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप आहे, चार-सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांशी बोला. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कोणी ठेवायला सांगितलं तर दुसरा डॉक्टर बघा. आणि नराचं झालं तरी लगेच मादीसोबत सोडू नका, सहा आठवडे तरी थांबा, तोपर्यंत पिल्लं होऊ शकतात.